उपमा कोणाची?

शाळेतल्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो : अलंकार ओळखा. ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, ‘सारखा’ किंवा ‘परी’ दिसलं की उपमा, झाड बोलू लागलं की चेतनगुणोक्ती. उपमेय कोणतं, उपमान कोणतं, साधर्म्य कशात, हेही विचारलं जातं. एवढं सगळं विचारून एक गोष्ट मात्र विचारायची राहून जाते : ही उपमा सुचली कोणाला? कवितेत या प्रश्नाचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं, कवीला. कथेत ते इतकं सरळ नाही. तिथे लेखक असतो, त्याने नेमलेला निवेदक असतो, पात्रं असतात, आणि पानावर छापलेली एखादी उपमा यांपैकी कोणाचीही असू शकते. या प्रकरणात मांडायचं आहे ते एवढंच, की कथेतलं माणूस बदललं का आणि कसं बदललं हे पाहायचं असेल, तर त्याच्या कृतीइतकंच उपमेच्या मालकीकडे पाहावं. सुरुवातीला उपमा कोणाच्या ताब्यात होती आणि शेवटी कोणाच्या ताब्यात गेली, या प्रवासात व्यक्तिरेखेचा विकास अनेकदा जास्त स्पष्ट दिसतो. उपमा सुंदर आहे की सामान्य, हा त्यानंतरचा प्रश्न.

हा विचार आपल्याकडे अगदी नवा नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला, त्यात ध्वनित करणाऱ्या अर्थाचे प्रकार सांगताना त्याने एक बारीक फरक केला. काही अर्थ जगात मुळातच संभवतात, काही कवीच्या कल्पनेच्या बळावर उभे राहतात, आणि काही कवीने निर्माण केलेल्या वक्त्याच्या कल्पनेतून येतात. या तिसऱ्याचं नाव कविनिबद्धवक्तृप्रौढोक्ती. नाव जिभेला जड, कल्पना मात्र सोपी : बोलणारं पात्र कवीने घडवलेलं असलं तरी त्याची कल्पनाशक्ती त्याची म्हणून वेगळी मोजावी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त हीच विभागणी पुढे नेली. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताला मात्र ती पटली नाही. त्याचं म्हणणं असं, की पात्राची प्रतिभा म्हणजे शेवटी कवीचीच प्रतिभा. तिला वेगळा वर्ग दिला तर त्या पात्राने कल्पिलेल्या पात्रालाही वेगळा वर्ग द्यावा लागेल आणि या वर्गांना अंतच राहणार नाही. तर्क म्हणून हा आक्षेप जवळजवळ बिनतोड आहे. पण या साऱ्या चर्चेतली उदाहरणं बहुतेक सुट्या श्लोकांची असतात, हे विसरून चालणार नाही. एका श्लोकात वक्ता एकदा बोलतो आणि संपतो. त्याची कल्पना कवीच्या कल्पनेपासून वेगळी काढून फारसं काही हाती लागत नाही. कथेत तोच माणूस दुसऱ्यांदा बोलतो. मधल्या काळात त्याच्यावर काहीतरी गुदरलेलं असतं. पहिलं बोलणं आणि दुसरं बोलणं यांत पडलेलं अंतर लेखकाच्या खात्यावर टाकून भागत नाही. ते त्या माणसाचंच असतं.

अंतोन चेखवची ‘तोस्का’ ही कथा १८८६ सालच्या जानेवारीत पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात छापून आली. चेखव तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि ‘चेखोन्ते’ या टोपणनावाने लिहीत होता. इंग्रजी भाषांतरांत ती बहुधा ‘मिझरी’ या नावाने भेटते. इओना पोतापव हा म्हातारा घोडागाडीवाला. त्याचा तरुण मुलगा नुकताच तापाने इस्पितळात वारला आहे. इओनाला हे कोणाला तरी सांगायचं आहे. नुसतं ‘मुलगा गेला’ एवढं नव्हे. तो आजारी कसा पडला, मरताना काय बोलला, पुरला कसा, सगळं सविस्तर. गाडीत बसलेला लष्करी अधिकारी ऐकत नाही, तिघे टवाळ तरुण ऐकत नाहीत, दारावरचा रखवालदार हाकलून देतो, मुक्कामावरचा तरुण गाडीवाला पाणी पिऊन पुन्हा झोपतो. कथानक एवढंच आहे.

आता यातली लाक्षणिक भाषा पाहा. सुरुवातीला ती सगळी निवेदकाची आहे. बर्फाने पांढरा झालेला इओना भुतासारखा दिसतो. त्याची घोडी कोपेकला मिळणाऱ्या गोड पावाच्या घोड्यासारखी निश्चल उभी आहे. ती बहुधा विचारात गढलेली असावी, असंही निवेदक सुचवतो : नांगरापासून, ओळखीच्या करड्या मुलखातून तोडून ज्याला या दिव्यांच्या आणि गोंगाटाच्या चिखलात फेकलं, तो विचार नाही करणार तर काय करणार! कथेच्या मध्यावर सर्वांत मोठी प्रतिमा येते. इओनाची छाती फुटली तर आतलं दुःख साऱ्या जगाला बुडवील, तरीही ते कोणाला दिसत नाही, इतक्या क्षुद्र कवचात ते मावून राहिलं आहे. ही प्रतिमा इओनाची नाही. त्याला ती सुचली असती तर तो इतका अडकून पडलाच नसता. निवेदकाजवळ शब्द आहेत आणि दुःख नाही. इओनाजवळ दुःख आहे आणि शब्द नाहीत. कथेचा सगळा ताण या असमान वाटणीतून आलेला आहे.

शेवटी इओना तबेल्यात जातो. घोडी गवत खाते आहे. तो तिला सांगू लागतो, आणि सांगताना एकदम थांबून वेगळीच वाट धरतो : समज, तुला एक शिंगरू असतं, तू त्याची सख्खी आई असतीस, आणि ते शिंगरू अचानक मेलं असतं. हा दृष्टान्त इओनाने स्वतः घडवला आहे. निवेदकाने पहिल्या पानावर जे केलं होतं, म्हणजे घोडीच्या मनात शिरून पाहणं, तेच आता गाडीवान करतो. उपमेची मालकी निवेदकाकडून पात्राकडे आली, आणि ती येताक्षणी निवेदक मागे सरकतो. घोडी खाते, ऐकते, धन्याच्या हातांवर श्वास सोडते, एवढं सांगून तो कथा मिटवतो. इओनाच्या परिस्थितीत काहीही फरक पडलेला नाही. मुलगा परत येणार नाही, पुरेसे पैसे मिळालेले नाहीत, माणसं सुधारलेली नाहीत. फरक पडला आहे तो इओनात. आतापर्यंत तो लोकांनी आपल्या दुःखात यावं म्हणून धडपडत होता. आता ऐकणाऱ्याचं दुःख कसं असेल याची कल्पना करून तो स्वतः तिकडे जातो.

इथे एक हरकत घ्यायला जागा आहे आणि ती कथेतूनच येते. इओना आधीही अलंकारिक बोलतोच की! त्या टवाळ तरुणांनी ‘बायको आहे का’ असं विचारल्यावर तो ओली माती हीच आता आपली बायको असं म्हणतो, आणि मृत्यूचं दार चुकलं, माझ्याकडे यायचा तो मुलाकडे गेला, असंही म्हणतो. मग शेवटच्या दृष्टान्तात नवं काय? मला वाटतं, फरक उपमेच्या दर्जात नसून तिच्या कामात आहे. माती ही बायको, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असणारं बोलणं आहे. मृत्यूचं दार चुकणंही त्याच जातीचं. अशी वाक्यं माणूस हसत बोलतो. इओनाही हसतच बोलतो. दुःख झाकण्यासाठी, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती वापरली जातात, आणि म्हणूनच ऐकणारेही ती सहज झटकतात. शिंगराचा दृष्टान्त कोणाच्या तोंडून उचललेला नाही. तो एका विशिष्ट घोडीसाठी, त्या क्षणी केलेला आहे. झाकणाऱ्या उपमेकडून उघड करणाऱ्या उपमेकडे झालेली ही वाटचाल आहे, आणि पहिल्या दोन उपमा कथेत नसत्या तर ती आपल्याला दिसलीच नसती.

चेखवच्या कथेत पात्राला उपमा मिळते. कॅथरीन मॅन्सफील्डच्या ‘मिस ब्रिल’मध्ये ती हिसकावली जाते. मॅन्सफील्ड १८८८ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला जन्मली, १९२३ साली फ्रान्समध्ये क्षयाने गेली. ‘मिस ब्रिल’ १९२० साली प्रसिद्ध झाली. या कथेतल्या प्रत्येक वाक्याची लांबी आणि नाद आपण मिस ब्रिलला जुळतील असे निवडले, आणि लिहून झाल्यावर संगीतरचना वाजवून पाहावी तशी ती मोठ्याने पुन्हापुन्हा वाचली, असं तिने एका पत्रात कळवलेलं आहे. ही माहिती आपल्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. कथा तृतीयपुरुषी असली तरी निवेदनाची लय पात्राकडून उसनी घेतलेली आहे, हे खुद्द लेखिकाच सांगते. तेव्हा यातल्या उपमाही मिस ब्रिलच्या डोक्यातल्या मानायला हरकत नाही.

मिस ब्रिल ही फ्रान्समधल्या एका गावात एकटी राहणारी प्रौढ इंग्रज शिक्षिका. दर रविवारी ती सार्वजनिक बागेत जाते, बँड ऐकते, माणसं बघते, शेजारच्यांची बोलणी चोरून ऐकते. त्या दिवशी तिने पेटीतून आपला जुना फरचा गळपट्टा बाहेर काढला आहे. कसरीची पूड झटकून, ब्रश फिरवून, त्याच्या डोळ्यांत पुन्हा जीव आणून ती त्याच्याशी लाडाने बोलते, आणि तो डोळ्यांनी तिला काहीतरी विचारतो आहे असं तिला वाटतं. शाळेच्या भाषेत ही चेतनगुणोक्ती. कथेच्या भाषेत पहिला पुरावा : या बाईला बोलायला माणूस नाही, आणि हे तिला कळलेलं नाही. उपमा तिच्यापेक्षा शहाणी आहे. बागेतल्या बाकांवर दर रविवारी तीच ती विचित्र, गप्प, बहुतेक म्हातारी माणसं बसलेली असतात. ती जणू अंधाऱ्या लहानशा खोल्यांतून, किंवा कपाटांतूनच उठून आली असावीत, असं तिच्या मनात येतं. हा तिचाच विचार, पण त्यात ती स्वतःला धरत नाही. मग एक बाई दिसते, अर्मिनच्या केसाळ कातड्याची, आता विटलेली टोपी घातलेली. मिस ब्रिल तिला मनातल्या मनात ‘अर्मिनची टोपी’ असंच म्हणू लागते. बाई गेली, टोपी उरली. अखंड माणसाच्या जागी त्याची एक वस्तू ठेवण्याचा हा प्रकार आपणही रोज करतो, चष्मेवाला आणि नऊवारीवाली म्हणतो. पण मिस ब्रिलने तो कोणावर आणि कशाच्या जोरावर वापरला, हे ध्यानात ठेवायचं. गळ्यात फर घातलेली बाई दुसरीला तिच्या फरवरून ओळखते आहे.

यानंतर येते कथेतली सर्वांत मोठी प्रतिमा. हे सगळं नाटकासारखं आहे, असं तिला वाटतं. आणि मग उलगडा होतो, की आपण नुसते प्रेक्षक नाही, आपणही रंगमंचावर आहोत. एखाद्या रविवारी आलो नाही तर कोणाच्या तरी नक्की लक्षात येईल. आठवड्यातून चार दुपारी ती एका आजारी म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवते. तो मेला असता तरी आठवडे-आठवडे तिच्या लक्षात आलं नसतं, असं तिनेच आपल्याशी कबूल केलेलं आहे. पण आता तिच्या कल्पनेत त्या म्हाताऱ्याला एकदम कळतं, की आपल्याला वाचून दाखवणारी बाई ही एक नटी आहे! इथपर्यंत प्रतिमा पूर्णपणे तिच्या मालकीची आहे आणि तिला फुलवते आहे. तेवढ्यात एक तरुण जोडपं बाकावर येऊन बसतं. नाटक चालूच असल्याने मिस ब्रिल त्यांना नायक-नायिका ठरवते आणि कान देते. तरुण विचारतो, ही म्हातारी इथे येतेच कशाला, हवी कोणाला. मुलगी हसत म्हणते, हिची ती फर किती गमतीदार, अगदी तळलेल्या माशासारखी दिसते.

तळलेला मासा ही कथेतली पहिली उपमा, जी मिस ब्रिलची नाही आणि तिच्यावर केलेली आहे. तिने टोपीवाल्या बाईचं जे केलं तेच मुलीने तिचं केलं : वस्तूवरून माणूस मोडीत काढला. मिस ब्रिल नेहमीचा केकचा तुकडा न घेता घरी येते, आणि तिची खोली आपल्याला दिसते ती अंधारी, लहानशी, कपाटासारखी. कपाटाची उपमा तिनेच दुसऱ्यांसाठी केली होती. आता ती तिच्या स्वतःच्या घराला लागली आहे. ती फर न पाहताच पेटीत ठेवते, झाकण लावते, आणि आत काहीतरी रडतं आहे असं तिला वाटतं.

चिकित्सक वाचक इथे अडवेल. मिस ब्रिल बदलली असं म्हणायला आधार काय? रडणं तिने फरवर ढकललं. म्हणजे ती पूर्वीइतकीच आंधळी आहे आणि बदललं आहे ते फक्त वाचकाचं ज्ञान. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. तिला साक्षात्कार झाला, असं म्हणणं कथेवर लादल्यासारखं होईल. पण आक्षेपातला दुसरा अर्धा टिकत नाही. दुपारी फर बोलत होती तेव्हा मिस ब्रिल तिच्याकडे टक लावून पाहत होती. संध्याकाळी ती पाहायचं टाळते. जिच्या डोळ्यांत डोळे घालून खेळ चालला होता, तिच्याकडे न पाहता पेटी बंद करणाऱ्या बाईला निदान इतकं कळलं आहे, की पाहिलं तर काहीतरी दिसेल. अलंकार तोच आहे, चेतनगुणोक्ती. फक्त दुपारी तो लाडाचा होता, आता भीतीचा आहे. विकास म्हणजे दरवेळी वरची पायरी, असं आपण उगाच धरून चालतो. माणूस आक्रसतो, हाही विकासच, निदान कथेपुरता.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे : असं वाचायला बसलं तर कोणत्याही उपमेतून काहीही काढता येईल. खरं आहे, आणि म्हणून सगळ्या उपमांना एका मापाने मोजू नये. ‘मिस ब्रिल’मध्ये बँडचा म्होरक्या आरवायच्या बेतातल्या कोंबड्यासारखा हात फडफडवतो. या कोंबड्यात मिस ब्रिलचा खट्याळ स्वभाव दिसतो, त्यापलीकडे काही नाही. तो पुन्हा येत नाही, कोणाच्या हाती जात नाही. कपाट पुन्हा येतं आणि दुसऱ्यावरून उलटून तिच्यावर येतं. फर पुन्हा येते आणि तिचा धनी बदलतो. परत येणं आणि परत येताना बाजू बदललेली असणं, या दोन अटी लावल्या की वाचकाच्या मनमानीला बराच लगाम बसतो. आनंदवर्धनानेही अलंकार वेळेवर घ्यावा आणि वेळेवर सोडावा असं बजावलं आहे; कोंबड्याला मॅन्सफील्डने वेळेवर सोडलं.

तिसरा आक्षेप असा, की उत्तम लघुकथांचा मोठा वर्ग उपमांना फारसा थारा देत नाही. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांचं गद्य त्याच्या आटोपशीरपणासाठीच वाखाणलं जातं. तिकडे अर्नेस्ट हेमिंग्वे. पण हेमिंग्वेचीच १९२७ सालची ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ ही कथा घ्या. स्पेनमधलं एब्रो नदीच्या खोऱ्यातलं रेल्वे स्टेशन, बार्सिलोनाहून येणारी गाडी चाळीस मिनिटांत येणार, एक अमेरिकन माणूस आणि त्याची सोबतीण बिअर पीत बसलेली. तो तिला गर्भपाताला राजी करतो आहे, आणि तो शब्द कथेत एकदाही येत नाही. जवळजवळ सगळा संवाद. त्यात लक्षात राहणारी उपमा एकच, ती मुलीची : समोरच्या टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात. तो म्हणतो, मी पांढरा हत्ती कधी पाहिला नाही. थोड्या वेळाने, वाद नको म्हणून, ती आपणहून उपमा मागे घेते. टेकड्या तशा दिसत नाहीत, फक्त रंगाबद्दल म्हणत होते, असं सांगते. पुढे ती स्वतःचा निर्णयही याच पद्धतीने मागे घेणार की काय, ही वाचकाची धास्ती या माघारीतून सुरू होते. तिला कोणी हरवलेलं दाखवायला एरवी लेखकाला पानभर लिहावं लागलं असतं. इथे एका उपमेचा त्याग पुरतो. उपमा थोड्या असल्या की त्यांची मालकी उलट जास्त ठळक होते. उपमांचा सुकाळ असलेल्या गद्यातच ती ओळखायला कठीण जाते. वि. स. खांडेकरांच्या रूपककथांत तर सगळी कथाच लेखकाची एक प्रतिमा असते, पात्रं हीच उपमानं असतात. तिथे व्यक्तिरेखेचा विकास शोधणं म्हणजे त्या प्रकाराकडे त्याचं नसलेलं काम मागणं.

प्रथमपुरुषी कथेत ही पद्धत अडखळते, कारण तिथे सारं एकाच्याच तोंडून येतं. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांच्या १८९२ सालच्या ‘काबुलीवाला’त निवेदक बाप असूनही एक थट्टा त्याच्या मालकीची नाही. ती काबुलीवाला रहमत आणि निवेदकाची छोटी मुलगी मिनी यांच्यातली आहे : सासरी जाणार का? रहमतच्या वर्गातल्या लोकांत सासर म्हणजे तुरुंग, हे मिनीला ठाऊक नाही. सासर म्हणजे काय हेही तिला धड ठाऊक नाही. रहमतला पोलीस नेत असताना ती तोच प्रश्न विचारते, आणि थट्टा अक्षरशः खरी झालेली असते. काही वर्षांनी तो सुटून येतो तो तिच्या लग्नाच्या दिवशी, आणि जुन्या सवयीने तेच विचारतो. आता मिनीला अर्थ कळतो. ती लाजते, उत्तर देत नाही. मधल्या वर्षांत ती कशी वाढली याचं वर्णन लेखकाने केलेलं नाही, आणि गरजही नाही. पण त्याच कथेतला बाप मात्र या सूत्रात बसत नाही. तो हलतो तो कोणत्याही उपमेने नव्हे, तर रहमतने छातीशी जपलेल्या मळक्या कागदाने. त्यावर रहमतच्या दूर राहिलेल्या मुलीच्या काजळी लावलेल्या हाताचा ठसा आहे. तो कशासारखा नाही आणि कशाचं प्रतीक म्हणून पुढे केलेला नाही. तो खराखुरा ठसा आहे. बाप रोषणाई आणि बँड कमी करून रहमतला गावी जायला पैसे देतो. पात्राला बदलण्याचं हे काम उपमेशिवाय झालेलं आहे, आणि उपमा कोणाची हा प्रश्न तिथे विचारून काही मिळत नाही.